ताटलीला फक्त धक्का कळतो : बडोद्यातल्या एका धूळमापकाच्या चाचणीचं प्रकरण

एक काचेचा मणी आणि एक रांगोळीची गुठळी. वजन सारखंच, १.३ मिलिग्रॅम. दोन्ही बरोबर १० सेंटीमीटरवरून ॲल्युमिनियमच्या पातळ ताटलीवर सोडले. ताटलीच्या खाली, धक्का बसला की वीज देणाऱ्या चकत्या चिकटवलेल्या. मणी पडला तेव्हा विजेचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ८८ मिलिव्होल्टचं शिखर उठलं. गुठळी पडली तेव्हा ४९ मिलिव्होल्टचं. वीस मणी आणि वीस गुठळ्या सोडून झाल्या, पाच-सात मिलिव्होल्ट इकडचे तिकडे झाले, पण दोघांतलं अंतर काही मिटेना.

"आत्या, खालचा गोंद सुटलाय बहुतेक. काढून परत चिकटवते," भाची म्हणाली.

मी तिला ताटलीला हात लावू दिला नाही. गोंद सुटला असता तर मण्याचं शिखरही खाली आलं असतं, आणि मणी तर सकाळपासून ८८ च्या आसपासच दाखवत होता. उपकरण ठीक होतं. ते काय मोजतंय याबद्दलची आमची समजूत चुकत होती. पुढच्या दोन महिन्यांत हीच गोष्ट आणखी दोनदा, वेगवेगळ्या रूपांत समोर आली. म्हणून हे सगळं प्रकरण नीट लिहून काढावंसं वाटलं.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, कंपनमापक आणि लोडसेल (जोर मोजणारे संवेदक) यांच्या कॅलिब्रेशनचं, म्हणजे ते बरोबर मोजतात का हे तपासण्याचं, काम करते. पंप, टर्बाइन, मोठमोठे पंखे यांच्यावर बसवायचे संवेदक आमच्याकडे तपासायला येतात. अवकाशाशी माझा संबंध वाचनापुरता. भाची इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं आणि तिच्या दोन मित्रांनी प्रकल्पासाठी विषय घेतला तो धूमकेतूची धूळ मोजणाऱ्या संवेदकाचा. तो बांधायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तपासायचा. कॉलेजात मार्गदर्शक होते, पण कॅलिब्रेशनसाठी मुलं माझ्याकडे आली. दर शनिवारी दुपारी कारखाना बंद झाला की आमचं काम सुरू व्हायचं.

मूळ कल्पना मुलांनी रोझेटा यानावरून घेतली होती. रोझेटा २ मार्च २००४ ला निघालं आणि ६ ऑगस्ट २०१४ ला ६७पी चुर्युमोव-गेरासिमेन्को या धूमकेतूजवळ पोचलं. त्याच्यावर जियाडा नावाचं धूळमापक होतं. त्यात तीन वेगळी अंगं होती. पहिलं, प्रकाशाचा पातळ पडदा. कण त्यातून गेला की चमकतो. दुसरं, पडद्याखालची ॲल्युमिनियमची ताटली. तिच्या पाठीला पाच पिएझो संवेदक चिकटवलेले, कण आदळला की ते वीज देतात. तिसरं, स्फटिकाचे पाच सूक्ष्म तराजू, त्यांच्यावर अगदी बारीक धूळ साचत जाते. मुलांनी यातलं मधलं अंग निवडलं. खर्च बेताचा, आणि पिएझो चकत्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतात. बझरमध्ये असते तीच ती पितळी चकती. १०० मिलिमीटर चौरस, अर्धा मिलिमीटर जाड पत्रा, खाली चार कोपऱ्यांत चार चकत्या, आणि सगळं बसवलेलं रबरी गुट्ट्यांवर.

मणी आणले रंगाच्या कारखान्यातून. तिथे रंग दळायला काचेचे १ मिलिमीटरचे मणी लागतात. एका मण्याचं वजन आपल्या तराजूवर येत नाही, म्हणून शंभर मोजून सराफी काट्यावर ठेवले. १३१ मिलिग्रॅम भरले. काचेची घनता २.५ धरून गणितानं येतं तेही तेवढंच, त्यामुळे सुरुवात तरी भक्कम झाली.

पण धूमकेतूची धूळ काही काचेचे मणी नव्हेत. हे मी मुलांना पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं. तिथला कण म्हणजे बारीक बारीक कणांचा सैलसर पुंजका. म्हणून दुसरा नमुना आम्ही घरात तयार केला. रांगोळी मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ केली, परातीत पसरली, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्यानं तिच्यावर नावापुरता ओलावा दिला, सावलीत वाळवली आणि हातानं हलकेच मोडली. मग आईची रवा चाळायची चाळण घेऊन आकार वेगळे केले. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "अगं, चाळण आपटू नकोस, टिचक्या मार. आपटलीस तर गुठळ्या फुटतील." त्या दिवशीचा सगळ्यात उपयोगी सल्ला तोच होता. गुठळ्या इतक्या नाजूक होत्या की चिमट्यात जरा जोरात धरली तर भुगा व्हायचा. शंभर निवडल्या, त्याही सरासरीनं १.३ मिलिग्रॅमच्याच. आणि मग ते ८८ आणि ४९ आले.

उसळी

कारण शोधायला मी मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा लावायला सांगितला. मागे काळं कापड, शेजारी स्टीलची पट्टी उभी केलेली. पहिला मणी सोडला आणि तिघंही पडद्याकडे बघत गप्प झाली. मणी ताटलीवर आदळून चांगला ६ सेंटीमीटर वर उसळला होता. गुठळी मात्र जिथे पडली तिथेच फिसकटून बसली. पांढरा ठिपका, बाकी काही नाही.

आता आकडे बघा. १० सेंटीमीटरवरून पडलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला १.४ मीटर. ६ सेंटीमीटर उसळायला परतीचा वेग लागतो साधारण १.०८ मीटर. ताटलीनं मण्याला आधी थांबवलं आणि मग उलटं फेकलं. दोन्हींचा धक्का तिला बसला. थांबवण्याचा एक आणि फेकण्याचा ०.७७, मिळून १.७७. गुठळीच्या वाट्याला थांबवण्याचा एकच. एकला १.७७ नं भागलं तर ०.५६ येतात. ४९ ला ८८ नं भागलं तरी ०.५६ च.

तिघांपैकी दांडिया बाजारातला मुलगा शंकेखोर आहे, आणि मला तो त्यासाठीच आवडतो. त्यानं दोन शंका काढल्या. पहिली हवेची. गुठळी सैल, आकारानं मोठी, हवा तिला जास्त अडवत असेल. हिशेब करून पाहिला. एवढ्या उंचीवरून वेगात पडणारा फरक दोन टक्क्यांच्या आसपास. त्यानं ४४ टक्क्यांची तूट भरून निघत नाही. दुसरी शंका जास्त खोलवरची होती. "ताई, मऊ कण हळू आदळतो. धक्का तेवढाच असला तरी तो जास्त वेळात पसरत असेल. म्हणून शिखर बुटकं दिसत नसेल कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. काचेचा मणी ताटलीला चिकटून असतो तो तीन-चार मायक्रोसेकंद. गुठळी चुरडायला त्याच्या कित्येक पट वेळ घेते. पण आमची ताटली आणि चकती मिळून जी झणझणते, तिचं एक आंदोलन काही शे मायक्रोसेकंदांचं आहे. धक्का त्या आंदोलनाच्या मानानं झटकन संपत असेल तर शिखराची उंची एकूण धक्क्यावर ठरते, तो कसा आला यावर नाही. देवळातली घंटा आठवा. लाकडी दांड्यानं मारा की लोखंडी, तिचा मूळ सूर घुमतो तो बसलेल्या धक्क्याच्या प्रमाणात; बदलते ती वरची करकर. मुलांनी वरच्या वारंवारतेची करकर फिल्टरनं काढून परत मोजलं. गुणोत्तर ०.५६ वरून हललं नाही. मग मी ते मान्य केलं.

यातून हाती आलेला आकडा असा : एका मायक्रोन्यूटन-सेकंदाच्या धक्क्याला २७ मिलिव्होल्ट. मण्यावरून काढा नाहीतर गुठळीवरून, आता तोच येतो. मुलांनी आधी उसळी धरलीच नव्हती आणि मण्यावरून ४८ चा आकडा वहीत लिहून ठेवला होता. त्याच आकड्यानं उपकरण वर पाठवलं असतं, तर १.३ मिलिग्रॅमच्या पुंजक्याला त्यानं ०.७ म्हटलं असतं. धूमकेतू धूळ किती फेकतो याचा अंदाज जवळजवळ निम्म्यानं चुकला असता, आणि वर पाठवलेल्या यंत्राला परत बोलावून मणी टाकून बघता येत नाही.

म्हणूनच यान उडून गेल्यावरही चाचण्या थांबत नाहीत. जियाडाचं एक रूप इटलीत जमिनीवर, स्वच्छ खोलीत ठेवलेलं होतं. धूमकेतूत सापडतील अशी खनिजं बारीक करून, वेगवेगळ्या आकाराचे, वेगवेगळ्या वेगाचे कण त्यात सोडून, ताटली कशाला काय उत्तर देते याचे तक्ते बनवले गेले. ६७पी जवळच्या धुळीचा वेग सेकंदाला काही मीटर ते काही दहा मीटर. पतंगाच्या मांजाला बांधलेला दगड फिरवला तरी त्याच घरातला वेग. त्यामुळे टेबलावर ते करून बघणं शक्य होतं.

हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी तशी सोय नव्हती. जिओटो यान १४ मार्च १९८६ ला हॅलेच्या केंद्रकापासून ५९६ किलोमीटरवरून गेलं तेव्हा त्यांचा एकमेकांशी वेग होता सेकंदाला ६८ किलोमीटर. समोर १ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा पत्रा, मागे अंतर सोडून केव्हलार या चिवट धाग्याचा जाड थर, अशी ढाल केलेली आणि त्या ढालीलाच संवेदक जोडलेले. त्या वेगानं १ मिलिग्रॅमचा कण आला तर त्याच्यात २,३०० जूल ऊर्जा असते. जलदगती गोलंदाजाच्या हातून सुटलेल्या क्रिकेटच्या चेंडूत साधारण १३० जूल. म्हणजे रांगोळीच्या चिमटीतला एक कण अठरा चेंडूंच्या बरोबरीचा. आणि धक्का बघायला गेलं तर तोच कण एका चेंडूच्या शंभराव्या हिश्शाएवढाच धक्का देतो. ऊर्जा आणि धक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फळ्यावर सांगून जेवढं पटत नाही तेवढं या दोन आकड्यांनी मुलांना पटलं. प्रत्यक्षातही जवळून जाताना, अगदी शेवटच्या क्षणी, एका मोठ्या कणाच्या आघातानं जिओटो डगमगलं होतं आणि पृथ्वीशी संपर्क तुटक झाला होता.

इतक्या वेगात उसळीचा प्रश्न संपतो, पण त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. कण आणि पत्र्याचा तेवढा भाग वाफ होऊन उडतो, आणि उडालेला माल मागे फेकला जातो तेव्हा तोही पत्र्याला ढकलतो. म्हणजे धक्का कणाच्या स्वतःच्या संवेगाहून (वजन गुणिले वेग) मोठा असू शकतो. किती मोठा, ते प्रयोग करूनच कळतं. प्रयोगशाळेत हलक्या वायूच्या दुहेरी तोफेनं मिलिमीटरभर कणाला सेकंदाला सात-आठ किलोमीटरपर्यंत नेता येतं. त्याहून जास्त वेग हवा असेल तर विद्युतभारित धूळ लाखो व्होल्टच्या प्रवेगकातून सोडतात. हायडेलबर्गचा असा प्रवेगक २० लाख व्होल्टचा होता. पण त्यातून जातात ते मायक्रॉनभराचे किंवा त्याहूनही बारीक कण. मोठा कण आणि मोठा वेग हे दोन्ही एकत्र जमिनीवर मिळत नाहीत. मधली मोकळी जागा गणितानं भरावी लागते, आणि कुठून पुढे आपण मोजलेलं नसून हिशेबानं ओढलेलं आहे, हे आलेखावर तुटक रेषेनं दाखवावं लागतं. माझ्या धंद्यातही हाच नियम आहे. बडोद्याच्या मराठीत गुजरातीतला 'चालशे', म्हणजे 'चालेल', कधीचा येऊन बसलाय, आमच्या घरी तर दिवसातून दहा वेळा येतो. पण आलेखावरच्या तुटक रेषेच्या बाबतीत मी तो ऐकून घेत नाही.

नवरात्र

दुसरी अडचण आवाजाची.

धूळमापकाला रात्रभर काहीच न टाकता चालू ठेवायचं आणि किती खोट्या नोंदी होतात ते बघायचं, ही चाचणी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात गरजेची. कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते. माझ्या कारखान्यात शेजारी रात्रपाळीचा प्रेस चालतो. म्हणून उपकरण नेलं भावाच्या घरी, रावपुऱ्यात, माडीवरच्या खोलीत. घर जुनं, जाड भिंतींचं. तारीख मात्र कोणी बघितली नाही. नवरात्राची तिसरी माळ होती.

नोंद करायची मर्यादा १२ मिलिव्होल्ट ठेवलेली. सकाळी बघितलं तर नोंदींची भेंडोळी. तासावार मांडल्यावर चित्र उघड झालं. संध्याकाळभर तुरळक, नऊ वाजल्यापासून गर्दी, मध्यरात्रीनंतर एकदम शांत. बडोद्याचा गरबा ज्यानं अनुभवलाय त्याला वेगळं सांगायला नको. ढोलाचा ठेका भिंतीतून, जमिनीतून, पलंगाच्या पायातून येतो. ताटली इमानदार होती. तिला धक्का बसला, तिनं लिहिला.

मुलांनी आधी फिल्टर लावला. ढोलाची मुख्य वारंवारता शंभर हर्ट्झच्या आसपास, आपली ताटली झणझणते त्याच्या कितीतरी वर. उपयोग झाला, नोंदी पुष्कळ घटल्या. पण दार आपटलं, कुकरची शिट्टी झाली, गल्लीत फटाका वाजला, तर त्यात सगळ्याच वारंवारता असतात. ते फिल्टरनं जात नाही.

इथे मला न्यू होरायझन्सवरचं उपकरण आठवलं. १९ जानेवारी २००६ ला प्लूटोकडे निघालेल्या त्या यानावर कोलोरॅडो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी घडवलेला धूळगणक आहे. नासाच्या ग्रहमोहिमेवर गेलेलं विद्यार्थ्यांच्या हातचं ते पहिलं उपकरण. व्हेनेशिया बर्नी हिचं नाव त्याला दिलंय; १९३० मध्ये अकरा वर्षांची असताना तिनंच प्लूटोला त्याचं नाव सुचवलं होतं. त्या गणकात २८ मायक्रॉन जाडीच्या खास प्लास्टिकच्या फिल्मचे चौदा संवेदक आहेत. बारा उघडे, धुळीला सामोरे. उरलेले दोन मागच्या बाजूला, झाकलेले. त्यांच्यावर धूळ पोचूच शकत नाही. मग ते कशाला? यान हललं, छोटी इंजिनं पेटली, काही तापलं-निवलं, तर झाकलेले दोनही बोलतात. त्यांनी बोलल्यावर उघड्यांचं तेव्हाचं बोलणं धूळ म्हणून धरायचं नाही. भाचीनं हे वाचल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आपल्याच वयाच्या मुलांनी केलेलं काम आज प्लूटोच्या पलीकडे आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग आम्ही जुळी ताटली केली. पत्रा त्याच तुकड्यातला, चकत्या एकाच पाकिटातल्या, गोंद एकाच दिवशी लावलेला. जुळीलाही मणी टाकून तपासलं. ८६ आलं, म्हणजे खरोखर जुळी. पहिला प्रयत्न मात्र फसला. तिच्यावर मुलांनी स्टीलच्या डब्याचं झाकण उपडं ठेवलं आणि जुळी उघडीपेक्षा तिप्पट बोलू लागली. झाकणच ताशासारखं वाजत होतं. ते काढून थर्माकोलचं खोकं ठेवलं, ताटलीच्या चौकटीला कुठेही न टेकणारं. मग दोघी एका सुरात आल्या.

नियम सोपा ठरला : दोन्ही ताटल्यांत दोन मिलिसेकंदांच्या आत नोंद झाली तर ती टाकून द्यायची. पण याची किंमत मोजावी लागते, आणि ती लिहून ठेवण्याबद्दल मी अडून बसले. गरब्याच्या ऐन भरात जुळी सारखी बोलत असते. त्या क्षणांत खरा कण पडला तरी तो आवाज समजून फेकला जाणार. म्हणजे तेवढा वेळ उपकरण आंधळं. प्रत्येक तासात किती सेकंद आंधळं होतं ते वेगळ्या रकान्यात लिहिलं नाही, तर 'तासाला इतके कण' या आकड्याला काही अर्थ उरत नाही. धूमकेतूजवळ हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा आहे, कारण धूळ तिथे संथ पावसासारखी पडत नाही. स्टारडस्ट यान २ जानेवारी २००४ ला विल्ड-२ या धूमकेतूजवळून गेलं, तेव्हा त्याच्या धूळमापकाला कण झुंडीनं लागले. काही सेकंद भडिमार, मग शांतता, मग पुन्हा भडिमार. एका कणाची नोंद करताना यंत्राचे डोळे जितका वेळ मिटतात, तेवढ्यात शेजारचे किती निसटले, याचं उत्तर आधी टेबलावर मिळवलेलं असावं लागतं.

पहाटे ३ वाजून ४० मिनिटं

आठव्या माळेला दोन्ही ताटल्या रात्रभर चालल्या. गरब्याच्या सगळ्या नोंदी जोडीनं आल्या आणि जोडीनं बाद झाल्या. भाचीला हवी होती ती स्वच्छ पाटी मिळाली. फक्त एक नोंद उरली. पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी उघड्या ताटलीवर ८१ मिलिव्होल्ट. जुळी गप्प.

तिला ती खोटी नोंद म्हणून खोडायची होती. मी म्हटलं, आधी ताटली बघ. हलवू नकोस, वरून फोटो काढ. ताटलीवर, मधोमध नाही, एका कडेला, चुन्याचा पोपडा पडलेला होता. पाच-सहा मिलिमीटरचा, नखाएवढा, एका बाजूनं निळसर. वर बघितलं तर तुळईशेजारी छताला तेवढीच निळसर खपली निघालेली दिसली. दर दिवाळीला रंग देताना भाऊ म्हणतो की यंदा छत खरवडून घेऊ, आणि दर वर्षी राहून जातं. त्यामुळे आमच्या उपकरणाला पहिला खरा, कोणी न टाकलेला कण मिळाला.

८१ मिलिव्होल्ट म्हणजे २७ च्या हिशेबानं ३ मायक्रोन्यूटन-सेकंद. तिसरा मुलगा, हिशेबात तरबेज, त्यानं लगेच वजन काढलं. छत ताटलीपासून ३ मीटरवर. ३ मीटरवरून पडलं तर वेग ७.७ मीटर. ३ ला ७.७ नं भागलं, ०.४ मिलिग्रॅम. पोपडा चिमट्यानं उचलून सराफी काट्यावर ठेवला. ३ मिलिग्रॅम. त्या काट्याचा एक मिलिग्रॅम इकडेतिकडे धरला तरी चूक पाचपटीच्या वरची.

कोणी काही बोलेना. मी एक वर्तमानपत्राचा कपटा घेतला आणि खुर्चीवर उभी राहून सोडला. तो गिरक्या घेत, डुलत, सावकाश खाली आला. पोपडा असाच आला असणार, सेकंदाला मीटरभर वेगानं. ताटलीनं धक्का बरोबर सांगितला होता. वेग आम्ही मनानं धरला होता.

आता जियाडाला ताटलीच्या वर प्रकाशाचा पडदा का लागला, ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. कण पडद्यातून जातो ती वेळ आणि ताटलीवर आदळतो ती वेळ, यांतून वेग. धक्क्याला वेगानं भागलं की वजन. दोन अंगं एकमेकांशिवाय अर्धी आहेत. आणि आणखी एक : ६७पी जवळ असे पुंजके सापडले की ज्यांची घनता घनमीटरला एक किलोच्याही खाली होती, आपल्या खोलीतल्या हवेपेक्षा कमी. यानाच्या विद्युतभारानं ते जवळ येता येता फुटायचे आणि तुकड्यांची सर पडद्यातून जायची. पडद्याला ते दिसत. ताटलीला त्यांचा धक्का इतका क्षीण की ती काहीच बोलत नसे. नुसती ताटली पाठवली असती तर धूमकेतूवरची सगळ्यात जुनी, सगळ्यात न कुस्करलेली धूळ नोंदीतच आली नसती. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त हलवून गेलं ते हे. भाराचा खेळ आम्हीही छोट्या प्रमाणात पाहिला होता. नवरात्र संपता संपता हवा कोरडी झाली आणि गुठळ्या सोडायच्या ॲक्रिलिकच्या नळीत त्या भिंतीलाच चिकटून बसू लागल्या. नळी ओल्या फडक्यानं पुसली की मोकळ्या व्हायच्या.

दिवाळीनंतर मुलांनी पडदा बसवला. पूर्ण पडदा नाही, ताटलीच्या वर ३० आणि १० मिलिमीटरवर लेझरच्या दोन रेषा आणि समोर प्रकाश टिपणारे दोन फोटोडायोड. रांगोळीची गुठळी १० सेंटीमीटरवरून सोडली तर दोन रेषांमधले २० मिलिमीटर कापायला गणितानं १६ मिलिसेकंद लागायला हवेत. १६ च आले. मग पोपडा, जो भाचीनं कापसात ठेवून प्लास्टिकच्या डबीत जपला होता, तो शिडीवर चढून छताजवळून सोडला. चार वेळा बाजूला गेला. पाचव्या वेळी ताटलीवर आला : १९ मिलिसेकंद, ७७ मिलिव्होल्ट. वेग १.०५ मीटर, धक्का २.८५, वजन २.७ मिलिग्रॅम. पोपडा तिरका येतो, त्यामुळे तो रेषा नक्की कधी तोडतो यातच मिलिसेकंदभराची धाकधूक आहे. ती धरून हा आकडा सराफी काट्याशी जुळतो.

अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेनं बनवलेलं डेक्स हे धूळमापक १ जानेवारी २०२४ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी५८ या अग्निबाणाबरोबर वर गेलं होतं, अवघं तीन किलोचं. बडोद्याहून अहमदाबाद दोन तासांवर. तिथे काम करायचं, असं भाचीनं आता घरात जाहीर केलंय. आईनं विचारलं, "तिथेही रांगोळी चाळायची का गं?" भाची म्हणाली, "हो आजी. आणि टिचक्या मारूनच."

पुढची चाचणी निर्वात घुमटात आहे. तिथे पोपडा गिरक्या न घेता दगडासारखा सरळ पडायला हवा, आणि १० सेंटीमीटरवरून मणी, गुठळी, पोपडा तिघांचाही वेग १.४ च यायला हवा. घुमटाच्या बुडाचं रबर कडक होऊन हवा खातंय. नवीन कापायला दिलंय, शनिवारपर्यंत मिळेल.